आधी अंगण, मग भाकर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा आमच्या मंडळात गंमतच झाली. कुणीतरी घरून वजनकाटा घेऊन आलं. झालं! तिळगूळ राहिला बाजूला आणि सगळ्या जणी त्या काट्याभोवती. एकीने चपला काढल्या, दुसरीने शाल काढली, तिसरीने तर हातातल्या बांगड्यासुद्धा उतरवून ठेवल्या. एवढं करूनही तो काटा कुणाची भीड ठेवेना. माझा आकडा आला ७८. मी घाईघाईने खाली उतरले आणि वाण लुटायला लागले, जणू काही पाहिलंच नाही!

खरं तर मला तो आकडा नवीन नव्हता. चार वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी पैसे भरून वजन कमी केलं होतं. दोन वेळा डब्यातली पावडर पाण्यात कालवून प्यायची आणि एक वेळ उकडलेल्या भाज्या. दोन महिन्यांत नऊ किलो उतरलं. शेजारणी विचारायला लागल्या, मी फुलले. मग केस गळायला लागले, रात्री पायात गोळे यायचे आणि नवरात्रात एक दिवस ओट्याशीच चक्कर येऊन पडले. पावडर बंद झाली. वर्षभरात नऊचे अकरा होऊन परत आले, व्याजासकट.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हे सगळं सासूबाईंपुढे ओतलं. त्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या. त्यांच्या आईने गाडगेबाबांचं कीर्तन समोर बसून ऐकलेलं. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि आपल्या वऱ्हाडी ठसक्यात एवढंच म्हणाल्या, की बाबानं काही काटा नाही आणला होता बाई, त्याच्यापाशी खराटा होता. उद्यापासून अंगण तू झाड. बस्स. एवढं बोलून त्या मालिका बघायला बसल्या.

मैत्रिणींनो, गाडगेबाबा आपल्याला शाळेपासून माहीत. निबंधात, स्वच्छता अभियानात, विद्यापीठाच्या नावात. अमरावतीत गाडगेनगरवरून रोज जातो आपण. पण त्यांचं चरित्र सलग वाचलं असेल असं कितीजणी म्हणू शकतील? मीही वाचलं नव्हतं. त्या दिवसानंतर वाचलं. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं आणि मग आपल्याच परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचं. वाचताना सारखं वाटत राहिलं की हा माणूस म्हणजे रोजच्या सवयीची चालतीबोलती शाळाच होता. आधीच सांगून टाकते, बाबांना वजन कमी करायचं नव्हतं. त्यांचं उपाशी राहणं हे त्यागातलं होतं. तेव्हा त्यांच्यावर डाएटचा शिक्का मारायचा माझा अजिबात विचार नाही. पण सुरुवात कशी करावी आणि ती टिकवावी कशी, हे मात्र त्यांच्या आयुष्यात इतकं स्वच्छ दिसतं की सांगितल्यावाचून राहवत नाही.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. जात परटाची. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घरात खाऊन-पिऊन सुख असतं, पण झिंगराजींना दारूने धरलं. त्या काळी देवाला कोंबडं-बकरं कापायचं, सगळ्या भाऊबंदांना जेवू घालायचं आणि बरोबर दारूही पाजायची, असा रिवाजच होता. जो देणार नाही त्याची इज्जत गेली. असं करता करता झिंगराजी गेले आणि डेबू लहानपणीच पोरका झाला. सखूबाई त्याला घेऊन आपल्या भावाकडे, दापुऱ्याला गेल्या. हे दापुरे म्हणजे अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं. म्हणजे बघा, अमरावतीचा जन्म आणि अकोल्याचं बालपण. दोन्ही जिल्ह्यांनी भांडावं एवढा हा माणूस आपला.

मामांकडे शाळा नव्हती, काम होतं. गुरं राखायची, गोठा झाडायचा, शेण काढायचं. थोडा मोठा झाल्यावर नांगर हातात आला. डेबू शेतात असा काही रमला की गावात त्याच्यासारखा कष्टाळू पोरगा नाही असं लोक म्हणायला लागले. गळा चांगला, भजनात पुढे. अंगाने काटक. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पुढे मामांची चांगली जमीन सावकाराने अंगठ्याच्या जोरावर गिळली. मामा त्या धक्क्याने खचले, गेले. डेबूजीने सावकाराच्या माणसांना शेतातून हुसकावून लावलं म्हणतात. न वाचता अंगठा देण्याचा त्यांना आयुष्यभर जो राग होता, तो इथून आला. पुढे कीर्तनात ते शिक्षणाबद्दल इतक्या कळकळीने बोलायचे, त्याचं मूळ या शेतात आहे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. डेबूजींना मुलगी झाली. बारसं ठरलं. भाऊबंद गोळा झाले. सगळ्यांना वाटलं, रिवाजाप्रमाणे मटणाची हंडी आणि दारू असणार. डेबूजींनी साधं गोडाचं शाकाहारी जेवण वाढलं. लोक चिडले, पंगतीत कुरबूर झाली. पण डेबूजी हलले नाहीत. ज्या रिवाजाने बाप गेला तो आपल्या दारात नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी साऱ्या गावाचा रिवाज बदलायला घेतला नाही. आपल्या एका ताटापासून सुरुवात केली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. कारण आपल्याकडे ताटाला नाही म्हणणं केवढं अवघड असतं! लग्नाच्या पंगतीत आग्रह, वाढदिवसाला आग्रह. रोडग्यांचा स्वयंपाक असेल तर वांग्याच्या भाजीवर तर्री आणि कुस्करलेल्या रोडग्यावर तुपाची धार. आणि नाही म्हटलं की वाढणारी रुसते. बरं, आपणही घरी तेच करतो. नणंद आली की तिच्या ताटात तिसरी पुरणपोळी आपणच टाकतो ना? मी त्या दिवशी ठरवलं की कुणाच्या घरी काहीही सोडायचं नाही, एक पोळी खायची, आवडीने खायची, आणि दुसरीला हात आडवा करायचा. पहिल्या दोन-तीन घरांत लोक रुसले. आता तेच विचारतात, तुमचं एकच ना? माणसांना सवय होते. आपल्याला होते तशी त्यांनाही.

१ फेब्रुवारी १९०५. डेबूजींनी पहाटे घर सोडलं. अंगावर फाटकी वस्त्रं, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. पुढची बारा वर्षं ते अशीच भटकंती करत राहिले. वऱ्हाड, खानदेश, देश, कोकण. पायी! अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून कुणी गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, पायात दोन वेगवेगळ्या जातीची पायताणं. ते फुटकं गाडगं जेवायला ताट आणि उन्हात डोक्याला टोपी. म्हणून शेवटी नाव पडलं गाडगेबाबा.

आणि एक नेम. गावात शिरलं की कुणाशी न बोलता रस्ता झाडायला घ्यायचा. गटार साफ करायचं. कुणाची लाकडं फोडून द्यायची, कुणाचं ओझं उचलायचं. घाम निघाला, काम झालं, की मग एखाद्या दारात उभं राहून भाकर मागायची. फुकटची भाकर त्यांनी घेतली नाही. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. कुणी हार आणला तर निसटायचे. भाकर, तिच्यावर चटणी किंवा कालवण, बाहेर बसून खाल्लं, पाणी प्यालं, की निघाले पुढच्या गावाला.

आधी अंगण, मग भाकर. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. आपलं नेमकं उलटं झालंय हो. आमच्या आज्या पहाटे सडा घालायच्या, विहिरीवरून पाणी आणायच्या, जात्यावर दळायच्या आणि मग न्याहारी. आता झाडायला बाई, धुवायला मशीन, दळायला चक्की. हे सगळं जावंच, मी काही जातं परत आणा म्हणत नाही. जात्याने आजीचे खांदे किती दुखायचे ते मी पाहिलंय. पण अंगाला हलवणारं काम गेलं आणि पोटात जाणारं तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलं. सकाळी उठल्याबरोबर बिस्किटं बुडवून चहा, मग दुसरा चहा, मग मुलांच्या डब्यातला उरलेला पराठा.

तर मी सासूबाईंचं ऐकलं. सकाळी साडेपाचला खराटा घेऊन अंगणात. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कंबर धरली. अर्धं अंगण सोडून आत आले. दुसऱ्या दिवशी उरलेलं झाडलं. असं करत पंधरा दिवसांनी पूर्ण अंगण आणि फाटकासमोरचा रस्ता व्हायला लागला. मग त्याला चालणं जोडलं. आधी दहा मिनिटं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. महिन्याने वीस. आता तीस-चाळीस मिनिटं आणि रात्री जेवल्यावर पुन्हा दहा. जेवल्यावरच्या या दहा मिनिटांचं महत्त्व डॉक्टरही सांगतात, साखर एकदम चढत नाही. वैशाखात आपल्या अकोला-अमरावतीचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत परत यायचं, नाहीतर रात्री गच्चीवर फेऱ्या मारायच्या. उन्हाळ्यात चालणं सुटलं की पावसाळ्यात परत सुरू होत नाही, हा माझा तीन वर्षांचा जुना अनुभव!

परत बाबांकडे वळू. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यात तिथे रविवारी यात्रा भरते. नदीच्या उतारावर चिखल, बायाबापड्या घसरून पडायच्या, म्हातारी माणसं तर आंघोळीला उतरूच शकत नव्हती. लोक वर्षानुवर्षं पडत होते, उठत होते आणि नदीला नमस्कार करून जात होते. डेबूजींनी फावडं घेतलं आणि माती टाकून वाट करायला लागले. एकटेच. लोक बघत उभे राहिले, मग एकेक जण हात लावायला आला. पुढे तिथे पक्का घाट झाला. त्यांच्या हातून उभं राहिलेलं हे पहिलं मोठं काम. एका दिवसात घाट बांधू असं जर त्यांनी मनात धरलं असतं तर फावडं हातात आलंच नसतं.

आमच्या मंडळात नेमकं हेच होतं. एक जानेवारीला, नाहीतर गुढीपाडव्याला, पंधरा किलोचा निश्चय करायचा. जिमचे वर्षाचे पैसे भरायचे. भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. आठ दिवसांनी घरात कुणाचा तरी वाढदिवस निघतो आणि सगळं मोडतं. मग आता मोडलंच आहे तर खाऊन घेऊ! अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखरेच्या उंबरठ्यावर असलेली तीन हजारांवर माणसं त्यात होती. त्यांतल्या एका गटाला दिलेलं लक्ष्य किती होतं? वजनाच्या फक्त सात टक्के आणि आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालणं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ७८ किलोच्या सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. पंधरा नव्हे! हे कळल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला.

आणि जी बारीक आहे तिनेही हसू नये बरं का. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखं. पण युडकिनांच्या अंगात चरबी नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस! आपण भारतीय दिसायला बारीक, आतून चरबीवाले. म्हणून काट्यापेक्षा टेप बरी. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. टेप शिवणाच्या डब्यात असतेच.

बाबांच्या भाकरीबद्दल थोडं. तेव्हा वऱ्हाडात भाकर म्हणजे ज्वारीचीच. कापसाच्या शेजारी घरापुरती ज्वारी प्रत्येकाच्या शेतात असायची. नंतर सोयाबीन आलं, रेशनचा गहू आला आणि ज्वारी मागे पडली. आता शहरात ज्वारीचं पीठ गव्हापेक्षा महाग मिळतं आणि आपण ते डाएटचं म्हणून विकत आणतो! एक मात्र खरं सांगायला हवं. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखेच. भाकर खाल्ली म्हणून कुणी बारीक होत नाही. पण भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि दीड-दोन भाकरींत पोट भरल्याचं कळतं. सोबत झुणका, उसळ, वरण असं काहीतरी डाळीचं हवंच, नाहीतर तासाभरात हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. मिरचीचा ठेचा असला की दोन भाकरींच्या चार होतात, हेही माहीत आहे मला. ठेचा मी सोडलेला नाही.

घरात काय बदललं ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती महिनाभर पचल्याशिवाय दुसरी नाही. पहिल्यांदा चहा. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे. चमच्याला वीस उष्मांक धरले तरी दोनशे झाले. अर्धा तास चालून एवढे खर्चही होत नाहीत! मी चमचा अर्ध्या-अर्ध्याने कमी करत गेले, दीड, मग एक, आणि कप पाचाचे तीन केले. एक किलो चरबी म्हणजे साधारण साडेसात हजार उष्मांक. कागदावर हिशेब केला तर रोज दीडशे-दोनशे वाचवून दीड-दोन महिन्यांत एक किलो उतरतं. शरीर आपलं थोडं रेंगाळतंच, पण उतरतं. मग तेल. बुधलीतून धार धरणं बंद केलं, आता चमच्याने मोजून. एक चमचा म्हणजे पंचेचाळीस उष्मांक, आणि आपल्या वांग्याच्या भाजीत किती चमचे जातात ते एकदा मोजून बघा. मी मोजले आणि गप्प बसले.

सगळ्यात अवघड गेलं ते उरलेलं अन्न. आपण बायका शेवटी जेवतो. पातेल्यात वाटीभर भात राहिला, मुलाने अर्धी पोळी टाकली, वरणाचा तळ उरला, टाकायचं कसं म्हणून ते आपल्या पोटात. अन्न वाया जाऊ नये हे खरंच, पण आपलं पोट म्हणजे काही भांडं घासायच्या आधीची जागा नाही. आता मी रात्रीचा भात वाटीने मोजून टाकते आणि सगळ्यांच्या बरोबर जेवायला बसते. पहिल्या दिवशी नवरा आणि मुलगा दोघंही बघत राहिले, काय झालं म्हणून. काही नाही झालं. गरम भाकर त्यांना स्वतः उठून घ्यावी लागली, एवढंच.

आणि उपास! गुरुवारी गजानन महाराजांचा, कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी. श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू आणि वर तळलेले बटाट्याचे पापड, याला उपास म्हणून वजन कसं उतरणार? ज्यांना साखरेच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास करूच नये. आमच्या मंडळातली एक जण निर्जळी एकादशीला अशीच घामाघूम होऊन पडली होती, गोळी घेऊन आणि उपाशी.

इथे बाबांच्या आयुष्यातली मला सलणारी एक गोष्ट सांगते. लिहू की नको असा विचार केला, पण आपल्याच पुरवणीत नाही लिहायचं तर कुठे? १९०५ च्या त्या पहाटे बाबा गेले ते लोकांसाठी गेले, मान्य. पण मागे कुंताबाई होत्या, पोरं होती, म्हातारी सखूबाई होत्या. बाबांना जनलोकांनी देवासारखं मानलं, कुंताबाईंचं नाव किती जणांना ठाऊक आहे? १९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात कीर्तन करत होते. बातमी आली, त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. सगळे चरित्रकार ही गोष्ट त्यांच्या वैराग्याची म्हणून सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कुंताबाई येतात. त्यांना कीर्तन नव्हतं. त्यांना दुसऱ्या दिवशी उठून चूलच पेटवायची होती. घर न सोडता, कुणाच्या टाळ्या न घेता रोजचं रोज करत राहणं हे त्यांनीही केलं. आपल्याला जी सवय लावायची आहे ती अशीच, घरात राहून, मुलांचे डबे भरून, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळून. म्हणून ती लहानच असायला हवी. तासभर मोकळा मिळेल तेव्हा व्यायाम करू म्हटलं तर तो तास साठाव्या वर्षी मिळतो.

बाबांचं पुढचं काम सगळ्यांना माहीत आहे. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, मग नाशिक, आळंदी, देहू. मूर्तिजापूरला गोरक्षण. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. आंधळ्या-पांगळ्यांना पंगती वाढल्या, स्वतःच्या वाट्याला मात्र शेवटपर्यंत तीच भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांच्याबद्दल फार आदर, आणि बाबांनी पंढरपूरची ती धर्मशाळा पुढे त्यांच्याच शिक्षण संस्थेच्या हाती दिली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन सुरू झालं. कीर्तन म्हणजे काय, तर समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचे, आपल्या वऱ्हाडी बोलीत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, पोराला शाळेत घाला, हे तो माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करीपर्यंत सोडायचे नाहीत. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे पोलिस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित आहे. मिळालं तर जरूर ऐका. ऐंशी वर्षांचा तो आवाज, पण दम कुठे कमी नाही.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येतही खालावलेली होती. २० डिसेंबर १९५६ ला त्यांना अमरावतीला आणत होते. परतवाड्याच्या रस्त्यावर वलगावजवळ पेढी नदीचा पूल लागतो ना, तिथेच गाडीत त्यांचे प्राण गेले. आयुष्यभर वाटेवर राहिलेला माणूस वाटेतच गेला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. तिथलं अंगण नेहमी झाडलेलं असतं.

माझा काटा आता ७२ वर आहे. दीड वर्ष लागलं. मंडळातल्या एकीचं चार महिन्यांत काहीच उतरलं नाही, तिला डॉक्टरांकडे पाठवलं तर थायरॉइड निघाला. दुसरीचं दोन किलोच उतरलं, पण तिचे गुडघे आता जिना चढू देतात आणि ती त्यातच खूश आहे. आता पुढच्या संक्रांतीच्या वाणाचा वाद सुरू झालाय. एकीने सुचवलं, खराटा लुटायचा. वयस्कर बायकांनी नाकं मुरडली, हळदीकुंकवाला झाडू कुणी देतं का! सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणे झाडू म्हणजे लक्ष्मीच, दिवाळीत पूजा करता तेव्हा कशी चालते? तरी अजून ठरलेलं नाही. फ्लॅटमधल्या चौघींचा सवाल आहे की आमच्याकडे अंगणच नाही, आम्ही काय झाडायचं? त्यांना जिन्याचे चार मजले दाखवले आहेत. चाळीस खराटे घाऊक भावात कितीला पडतील याची चौकशी करायला आमच्या खजिनदार बाई बाजारात गेल्या आहेत. चालत.